कोंबडीची पिसे गळणे : एक शब्दप्रयोग, दोन प्रक्रिया

मराठीत ‘पिसे गळणे’ हा एकच शब्दप्रयोग दोन भिन्न घटनांसाठी योजला जातो. जुन्या पिसाची जागा नवे पीस घेते, ही पहिली घटना. बाह्य कारणाने पीस तुटते वा उपटले जाते, ही दुसरी. पहिली निसर्गक्रमाची, दुसरी उपद्रवाची. भंडारा जिल्ह्यात परसात पाळलेल्या कोंबडीच्या बाबतीत हा भेद न ओळखल्यास निरोगी पक्षी रोगट समजून विकला वा कापला जाण्याचा संभव असतो.

पिसे पालटण्याचे प्रमुख निमित्त म्हणजे दिवसाचे आखूड होणे. मेंदूतील प्रकाशसंवेदी पेशी कवटीतून आत शिरणारा प्रकाशही टिपतात. भंडारा सुमारे 21 अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथे जूनमधील दिवस 13 तासांहून थोडा मोठा, तर डिसेंबरातील 11 तासांहून थोडा लहान असतो. हा फरक शीत प्रदेशांच्या मानाने अल्प असल्याने सर्व कोंबड्या एकाच वेळी पिसे टाकतील असे नाही. शिवाय खुडूक बसणे आणि पिलांचे संगोपन यांमुळेही हा काळ मागेपुढे होतो.

पिसे प्रथम डोक्यावरची व मानेवरची, नंतर छातीची व अंगाची, शेवटी पंखांची व शेपटीची गळतात. हा क्रम साधारणतः दोन ते तीन महिने चालतो. पीस बहुतांशी केरॅटिन या प्रथिनाचे बनलेले असते. म्हणून या काळात शरीरातील प्रथिने पिसांकडे वळतात आणि अंडी देणे थांबते. धानाच्या कणीत प्रथिने जेमतेम 8 टक्के असतात. तेव्हा वाळवी, सुकी मासळी यांसारखा पूरक आहार हितकर ठरतो.

उपद्रवाची लक्षणे निराळी. उवा असल्यास पिसांच्या बुडाशी लिखांचे पुंजके आढळतात. कोंबड्याच्या वारंवार आरूढ होण्याने पाठ उघडी पडते. परस्परांना टोचण्याने शेपटीचे मूळ रक्ताळते. याउलट नैसर्गिक पालटात उघड्या त्वचेवर कोवळ्या पिसांचे आवेष्टित कोंब दिसतात. त्यांत रक्तप्रवाह चालू असल्याने स्पर्श वेदनादायक होतो. अशी कोंबडी शक्यतो हाताळू नये.

म्हणून किती पिसे गळाली, यापेक्षा त्यांच्या जागी काय उगवत आहे, हे पाहणे अधिक निर्णायक होय.