चिखलातून मंत्रालयात : मेजर जनरल जॉर्ज पर्क्स

ऑक्टोबर १९१७. बेल्जियममधील पाशेंडेलचा चिखल. मांडीला जखम, दोन्ही बगला उघड्या, हाताशी मोजकेच जवान. तरीही कॅनडाच्या सैन्यातील मेजर जॉर्ज पर्क्स यांनी जिंकलेले ठाणे सोडले नाही. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

पर्क्स जन्माने इंग्रज. १९१५ मध्ये साधे शिपाई म्हणून भरती झाले आणि तीस वर्षांनी मेजर जनरल होऊन बाहेर पडले. त्याच वर्षी ते खासदार झाले. १९५७ मध्ये पंतप्रधान डीफेनबेकर यांनी त्यांना संरक्षणमंत्री केले.

इथली कसोटी निराळी होती. ॲव्रो ॲरो हे स्वदेशी लढाऊ विमान अतिशय वेगवान, पण अफाट खर्चाचे. शिवाय बॉम्बर विमानांपेक्षा क्षेपणास्त्रांचा धोका वाढत होता. पर्क्स यांनी प्रकल्प थांबवण्याची शिफारस केली. २० फेब्रुवारी १९५९ रोजी तो रद्द झाला आणि सुमारे १४ हजार कामगार बेकार झाले. तयार विमानेही कापून भंगारात काढली. खर्चाचा हिशेब खोटा नव्हता. विमाने कापणे मात्र मनाला पटत नाही. कॅनडात हा वाद अजून मिटलेला नाही.

ओटावातील संरक्षण मुख्यालयाच्या इमारतीला पुढे पर्क्स यांचेच नाव देण्यात आले.