माकडांमधील गुणसूत्रभिन्नता

माकडांच्या निरनिराळ्या जातींमध्ये, आणि काही वेळा एकाच जातीच्या प्राण्यांमध्येही, गुणसूत्रांची संख्या व रचना यांत आढळणाऱ्या फरकाला गुणसूत्रभिन्नता असे म्हणतात. मानवाच्या कायिक पेशीत ४६ गुणसूत्रे असतात. माकडांत ही संख्या टिटी माकडाच्या एका दक्षिण अमेरिकी जातीत अवघी १६, तर आफ्रिकेतील ग्वेनॉन गटाच्या काही माकडांत ७२ पर्यंत असते. मात्र सर्वच गटांत असा फरक दिसत नाही. मकाक गटातील सर्व माकडांत, म्हणजे महाराष्ट्रात आढळणाऱ्या बॉनेट मकाकमध्ये आणि उत्तर भारतातील ऱ्हीससमध्येही, ४२ गुणसूत्रे असतात. या विषयाचा सर्वाधिक बोलका नमुना म्हणजे दक्षिण अमेरिकेतील एओटस ही प्रजाती होय.

एओटस माकडे

पनामापासून उत्तर अर्जेंटिनापर्यंत आढळणारी ही सुमारे एक किलो वजनाची, मोठ्या डोळ्यांची माकडे प्रामुख्याने रात्री वावरतात. त्यामुळे इंग्रजीत त्यांना घुबड-माकड अशा अर्थाचे नाव आहे. दिसायला ती परस्परांशी इतकी मिळतीजुळती असतात, की दीर्घकाळ त्या सर्वांची गणना एकाच जातीत होत असे. त्यांच्या पेशींतील गुणसूत्रे मोजली गेली तेव्हा मात्र ४६ ते ५८ अशा वेगवेगळ्या संख्या हाती आल्या.

दोन गुणसूत्रे जोडली जाऊन एक होणे, किंवा एकाचे दोन तुकडे होणे, ही या फरकामागील प्रमुख कारणे आहेत. अशा बदलात जनुकीय द्रव्य बहुतांशी कायम राहते, केवळ त्याची मांडणी बदलते. म्हणूनच बाह्य रूपात फरक जाणवत नाही. कोलंबियातील करड्या मानेच्या एका प्रकारात ५२, ५३ आणि ५४ गुणसूत्रांचे प्राणी आढळतात. यांतील ५३ ही विषम संख्या चूक नव्हे: अशा प्राण्याला एका पालकाकडून जोडलेले गुणसूत्र, तर दुसऱ्याकडून तीच दोन गुणसूत्रे सुटी मिळालेली असतात. अझारी या जातीत तर नराची ४९ आणि मादीची ५० गुणसूत्रे असतात, कारण नराचे वाय गुणसूत्र दुसऱ्या एका गुणसूत्राला जोडले गेले आहे. यावरून केवळ संख्या पाहून जात ठरवता येत नाही, हे स्पष्ट होते. कोणते गुणसूत्र कोणाशी जोडले गेले, हे पाहणे अधिक महत्त्वाचे असते.

प्रजननावरील परिणाम

अर्धसूत्री विभाजनात समजात गुणसूत्रांच्या जोड्या जुळाव्या लागतात. पालकांमध्ये एखाददुसऱ्या जोडाचाच फरक असेल, तर संततीतील तीन गुणसूत्रे एकत्र जुळून विभाजन बहुधा पार पडते. फरक अनेक ठिकाणी असतील तर काही युग्मकांत जनुकीय द्रव्य कमी, तर काहींत अधिक जाते. परिणामी संकर संततीची प्रजननक्षमता घटते किंवा ती वंध्य ठरते.

या बाबीचे व्यावहारिक महत्त्व मलेरिया संशोधनामुळे उघड झाले. मानवी मलेरियाचे परजीवी एओटसच्या शरीरात वाढू शकतात, हे १९६० च्या दशकात दिसून आल्यावर या माकडांची मागणी वाढली. पुढील दशकात दक्षिण अमेरिकी देशांनी निर्यातीवर निर्बंध आणले आणि प्रयोगशाळांना पैदाशीवर भर द्यावा लागला. परंतु दिसण्यावरून जमवलेल्या जोड्यांपैकी अनेकांना पिल्ले होत नसत. शिवाय एकाच परजीवीला निरनिराळ्या प्रदेशांतील माकडे निरनिराळा प्रतिसाद देत. म्हणजेच ज्यांना एकसारखे प्रायोगिक प्राणी समजले जात होते, ते प्रत्यक्षात वेगवेगळ्या जातींचे होते, आणि त्यांच्या निष्कर्षांची थेट तुलना करणे धोक्याचे होते.

१९८३ मध्ये अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ फिलिप हर्शकोविट्झ यांनी गुणसूत्रांचा आधार घेऊन या माकडांची नऊ जातींत विभागणी केली. त्यांतील ५४ गुणसूत्रांच्या एका जातीला गुणसूत्र-अभ्यासक नॅन्सी मा यांच्यावरून नॅन्सीमाई हे नाव मिळाले. जातींच्या नेमक्या संख्येबाबत मतभेद अद्याप मिटलेले नाहीत.

संवर्धन

पेरू, कोलंबिया व ब्राझील यांच्या सीमा जेथे मिळतात, त्या अमेझॉनकाठच्या भागात नॅन्सीमाई आणि ४६ ते ४८ गुणसूत्रांची व्होसिफेरन्स या दोन्ही जाती आढळतात. व्यापारातून जप्त केलेले किंवा प्रयोगासाठी पकडलेले प्राणी येथील जंगलात परत सोडताना त्यांची जात निश्चित करणे आवश्यक ठरते. चुकीच्या ठिकाणी सोडलेल्या माकडाला तेथे अनुरूप जोडीदार मिळेलच असे नाही, आणि केवळ मानेच्या केसांचा रंग पाहून केलेली ओळख पुरेशी नसते.