समज, अटक आणि चाळीस वर्षांचा पुरावा

गुन्हेशास्त्राच्या संशोधन आराखड्यात ‘पूर्वसंशोधनाचा आढावा’ हे प्रकरण बहुतेकदा सोपस्कार म्हणून उरकले जाते. अमुक यांनी अमुक साली अमुक म्हटले, अशी वीस-पंचवीस नावे ओळीने मांडायची आणि मग आधीच ठरवलेला विषय पुढे रेटायचा. बायकोला मारहाण करणाऱ्याला अटक करावी की समज देऊन सोडावे, या प्रश्नावर अमेरिकेत १९८१ पासून झालेले काम पाहिले की ही सवय किती महाग पडते ते कळते. आधीच्या अभ्यासाचा निष्कर्ष टिपून घेणे सोपे असते. त्याने काय मोजले, कोणाला विचारून मोजले आणि किती काळ मोजले हे तपासणे म्हणजे आढावा, आणि नव्या संशोधनाचा प्रश्न त्या तपासणीतूनच निघायला हवा.

मिनियापोलिस शहरात मार्च १९८१ ते ऑगस्ट १९८२ या काळात संशोधक लॉरेन्स शर्मन आणि रिचर्ड बर्क यांनी पोलिसांच्या हाती तीन रंगांच्या फॉर्मचे पॅड दिले. घरगुती मारहाणीच्या, पण गंभीर दुखापत नसलेल्या प्रकरणात पॅडवर वरचा फॉर्म ज्या रंगाचा निघेल तेच करायचे: अटक, समजुतीच्या चार गोष्टी, किंवा मारणाऱ्याला आठ तास घराबाहेर काढणे. निवड पोलिसाच्या मर्जीवर न ठेवता चिठ्ठीवर सोपवल्यामुळे तिन्ही उपायांची तुलना रास्त होऊ शकत होती. ३१४ प्रकरणांच्या विश्लेषणात, सहा महिन्यांत पोलीस दप्तरात पुन्हा नाव लागण्याचे प्रमाण अटकेनंतर सुमारे १० टक्के, समजुतीनंतर १९ आणि बाहेर काढल्यावर २४ टक्के निघाले. १९८४ मध्ये निष्कर्ष छापून आले. त्याच वर्षी अमेरिकेच्या ॲटर्नी जनरलच्या कृती गटानेही अटकेची शिफारस केली. महिला चळवळीचा रेटा आणि पोलिसांविरुद्धचे दावे जोडीला होतेच; पुढच्या काही वर्षांत एकेका राज्याने अटक सक्तीची किंवा प्राधान्याची केली.

या अभ्यासातल्या फटी मात्र मूळ लेखातच दिसत होत्या. पीडित महिलांपैकी जेमतेम ६२ टक्क्यांची पहिली मुलाखत होऊ शकली, आणि सगळ्या मुलाखती पूर्ण करणाऱ्या निम्म्याहूनही कमी उरल्या. चतुर्थांशाहून जास्त प्रकरणे फक्त तीन पोलिसांनी आणलेली होती. सहा महिन्यांपलीकडे काय झाले, हा प्रश्न विचारलाच गेला नव्हता. याच प्रयोगाच्या धर्तीवर पाच ठिकाणी फेरतपासणी झाली, तेव्हा या फटी सगळ्यांच्या नजरेस आल्या. ओमाहा आणि शार्लटमध्ये अटकेचा धाक दिसला नाही. कोलोराडो स्प्रिंग्ज आणि मायामीच्या डेड काउंटीत बायकांच्या मुलाखतींतून तो दिसला. मिलवॉकीत १,२०० प्रकरणांमध्ये नोकरी असलेला नवरा अटकेनंतर वचकला, तर बेकार नवऱ्याची मारहाण वाढली. २०१५ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात शर्मन आणि हीदर हॅरिस यांनी मिलवॉकीच्याच महिलांचा २३ वर्षांनंतर मागोवा घेतला. ज्यांच्या जोडीदाराला अटक झाली होती त्यांच्यातले मृत्यू, नुसती समज मिळालेल्यांच्या तुलनेत ६४ टक्क्यांनी जास्त निघाले, आणि त्यांतले बहुतेक खून नव्हते, आजारपणाचे मृत्यू होते. सहा महिन्यांच्या चौकटीत हे सापडणे शक्यच नव्हते.

निष्कर्षच परस्परविरोधी असतील तर आढाव्याने साधले काय, असा आक्षेप यावर घेता येईल. पण पाच शहरांची ४,०३२ प्रकरणे एकत्र करून मॅक्सवेल, गार्नर आणि फेगन यांनी पुन्हा विश्लेषण केले, तेव्हा बायकांच्या सांगण्यानुसार अटकेनंतर मारहाणीत माफक घट दिसली. पोलीस दप्तरात ती ठामपणे दिसली नाही. म्हणजे विरोधाचा एक भाग वास्तवातला होता, दुसरा मोजपट्टीचा. कायदा संशोधनासाठी थांबू शकत नाही, हा दुसरा आक्षेप खरा आहे. तो कोणी थांबवावा असेही नाही. मात्र एका शहराच्या सहा महिन्यांवर बेतलेला नियम नवा पुरावा आल्यावर बदलता येईल असा तरी असावा.

अमेरिकेचे हे दळण इथे कशाला, हा तिसरा आक्षेप. तिथली टक्केवारी इथे लागू होणार नाही, प्रश्न मात्र होतात. नवऱ्याच्या आणि सासरच्या छळाविरुद्धचे कलम ४९८अ आपल्याकडे १९८३ मध्ये आले. १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांसोबत महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या अर्नेश कुमार निकालाने सरसकट अटकेला लगाम घातला. म्हणजे समज, समुपदेशन आणि अटक हे तिन्ही मार्ग इथेही आहेत. पण पोलिसांकडे नोंदल्या गेलेल्या गुन्ह्यांच्या, म्हणजे एनसीआरबीच्या, आकड्यांवर त्यांची तुलना करू जाल तर फसाल, कारण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत हिंसा सोसलेल्या महिलांपैकी जेमतेम १४ टक्क्यांनी कुठेतरी मदत मागितल्याचे दिसते. चिठ्ठी टाकून पीडितेचा उपाय ठरवणे अनैतिक, ही शंका रास्त आहे. तिचे एक उत्तर मध्य प्रदेशातल्या १८० पोलीस ठाण्यांच्या प्रयोगात मिळते. महिला मदत कक्ष कुठे उघडायचे एवढेच तिथे चिठ्ठीने ठरले, तक्रारीचा हक्क कुणाचाच गेला नाही. २०२२ मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात गुन्ह्यांची नोंद वाढलेली दिसली, पण नोंद वाढणे म्हणजे मारहाण थांबणे नव्हे.

महाराष्ट्रातल्या नव्या आराखड्याचा प्रश्न या सगळ्यातून आपोआप समोर येतो. विशेष कक्षातले समुपदेशन, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखालचा संरक्षण आदेश आणि एफआयआर यांपैकी कशानंतर मारहाण थांबते, हे बाईलाच, ती सुरक्षित असेल तिथे, निदान दोन वर्षे विचारत राहायचे. नवऱ्याची नोकरी आणि घरातले उत्पन्न यांनुसार उत्तरे वेगळी मांडायची. मुलाखतींतून गळालेल्या बायका किती आणि का, याचा हिशेब निष्कर्षांच्या आधी द्यायचा. असा आराखडा मागच्या अभ्यासांचा मान राखतो आणि त्यांच्या चुकाही टाळतो.