फलाट मोकळा, दरवाजे बंद

पहाटे ३.४०

चारकोपच्या खोलीत आम्ही चौघं राहतो आणि चौघांच्या पाळ्या चार तऱ्हेच्या. म्हणून गजर वाजता ठेवत नाही, उशीखाली थरथरता ठेवतो. तिकडे बीडच्या पाटोदा तालुक्यात आमच्या वस्तीवर अण्णा या वेळेला उठलेलेच असतात. उसाच्या फडावर पहाटे तीनला उठायची सवय लागली, ती टोळी सोडून इतकी वर्षं झाली तरी गेली नाही. फोन केला तर पहिल्या रिंगला उचलतील. पण एवढ्या पहाटे मुलाचा फोन आला म्हटलं की माणूस आधी घाबरतो, मग बोलतो. तेव्हा नकोच.

४.३०

मुंबई मेट्रोचा डेपो. सही, फुंकर मारून दारूची तपासणी, आजची गाडी कोणती, कुठे वेगावर बंधन आहे त्याच्या सूचना. मोबाइल बंद. मग गाडीची पाहणी: दारं, दिवे, ब्रेक, प्रवाशाने धोक्याच्या वेळी आमच्याशी बोलायचं बटण, आणि घोषणा. रिकाम्या सहा डब्यांत ती मुद्रित बाई पुढच्या स्थानकाचं नाव सांगते. ऐकायला मी एकटा. तिची मराठी स्वच्छ आहे, माझ्यापेक्षा कितीतरी.

सहाच्या आत

मार्गिका २ अ आणि ७. अंधेरी पश्चिमेहून लिंक रोडवरून उत्तरेला दहिसरपर्यंत जायचं, तिथे वळायचं आणि द्रुतगती महामार्गावरून दक्षिणेला गुंदवलीपर्यंत यायचं. सगळं मिळून पस्तीसेक किलोमीटर. पहिला टप्पा २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याला सुरू झाला, उरलेला जानेवारी २०२३ मध्ये. गाड्या बंगळुरूच्या बीईएमएलने बांधल्या आहेत, चालकाशिवायही धावू शकतील अशा बेताच्या. तरी पुढच्या काचेमागे आम्ही बसतो.

अण्णांना हेच उमगत नाही. "गाडी आपोआप चालायलीय म्हणतोस, मग तू तिथं काय करायलास?"

प्रश्न रास्त आहे. दारं मिटली, पडद्यावर फलाट मोकळा दिसला, की मी बटण दाबतो. तिथून पुढे वेग वाढवणं, वळणावर तो आवरणं, पुढच्या गाडीपासून अंतर राखणं, फलाटावरची दारं आणि डब्याची दारं समोरासमोर येतील असं नेमकं थांबणं, हे सगळं यंत्रणा करते. मी बघतो. रुळावर, पडद्यावर, फलाटाच्या कडेवर. यंत्रणा बिनसली तर गाडी हाताने, बैलगाडीला लाजवेल अशा चालीने पुढच्या स्थानकात न्यायची, आणि तोपर्यंत आत बसलेल्यांना काय झालंय ते सांगायचं. पगार त्या न घडणाऱ्या गोष्टीचा आहे, असं मी त्यांना म्हटलं. त्यावर ते म्हणाले, "राखणच की मग." ज्वारी हुरड्यात आली की माचाणावर बसून पाखरं राखण्यात अण्णांचं बालपण गेलं, त्यामुळे हा शब्द ते हलक्या अर्थाने वापरत नाहीत.

६.४०

ही वेळ वाईट. डबे अर्धे रिकामे, उजेड नीट फुटलेला नाही, हाताला काम नाही, त्यामुळे डोळे जड होतात. जपानमध्ये रेल्वेची माणसं प्रत्येक सिग्नलकडे बोट दाखवून त्याची स्थिती मोठ्याने म्हणतात. डोळा, हात आणि जीभ एकाच कामाला जुंपली की चूक कमी होते, हे त्यांनी फार पूर्वी ओळखलं. मीही म्हणतो. "फलाट मोकळा, दरवाजे बंद." बंद खोक्यात एकटाच बसून, न दिसणाऱ्या माणसांसाठी बोलणारा माणूस.

असा दुसरा माणूस मला ठाऊक आहे तो अण्णांच्या बुधवारमुळे. मुकादमाकडे ट्रान्झिस्टर होता. फडावरून आलं, कोपीत, म्हणजे झोपडीत, भाकरी खाल्ली, की बुधवारी रात्री आठ वाजता सगळी टोळी त्याच्या कोपीपुढे जमायची. रेडिओ सिलोन, बिनाका गीतमाला, निवेदक अमीन सयानी. आवाज लघुलहरींवर कधी जवळ यायचा, कधी खरखरीत बुडायचा. नेमका वरच्या क्रमांकाचं गाणं सांगताना बुडाला की मुकादमालाच शिव्या बसायच्या. एरवी त्याच्यापुढे कोणी तोंड उघडत नसे. सयानी आधी बहिणींना हाक मारायचे आणि मग भावांना. कोयता चालवणाऱ्या बायकांना कुणी आधी हाक मारतंय, ही गोष्ट माझी आजी मरेपर्यंत सांगत होती.

या कार्यक्रमाची कुंडली गमतीची आहे. १९५२ साली केंद्रात नभोवाणी खातं बा. वि. केसकरांकडे गेलं. शास्त्रीय संगीताचे कैवारी, आपलेच मराठी गृहस्थ. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी हटली, तर श्रोते सुई फिरवून सिलोनला गेले. गीतमाला त्याच वर्षाच्या अखेरीस सुरू झाली. श्रोते परत आणायला आकाशवाणीला ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती काढावी लागली. आणि गीतमालेचं निवेदन व्हायचं कुठे? मुंबईत. ध्वनिफीत विमानाने कोलंबोला जायची आणि तिथून लहरींवर स्वार होऊन परत उसाच्या फडावर. म्हणजे अण्णांना वाटायचं की अमीनभाई आत्ता, याच घटकेला बोलतायत, तेव्हा ते आपल्या घरी जेवत असतील. हे मी अण्णांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "असंल. पण नावं तर आमचीच वाचायचे."

मुद्रित असूनही तो आवाज माणसाचा वाटायचा आणि डब्यातली घोषणा वाटत नाही, याचं उत्तर मला अण्णांच्या या वाक्यात सापडतं. फर्माईशीच्या कार्यक्रमांत तर गाणं साडेतीन मिनिटांचं आणि नावांची यादी जवळजवळ तेवढीच. झुमरी तलैयाहून अमुक तमुक. आकाशवाणीच्या परभणी केंद्रावर आमच्याकडची गावं: नेकनूर, वडवणी, डोंगरकिन्ही, आणि शेवटी 'समस्त मित्रमंडळ'. त्या मंडळात अण्णा एकदा होते म्हणतात.

९.१०

गर्दी. आकुर्ली, कुरार, दिंडोशी. एका स्थानकात दारं मिटेनात, उघडतायत, पुन्हा मिटायला बघतायत. पडद्यावर दिसतं की कुणाच्या पाठपिशवीचा पट्टा दारात अडकलाय आणि पिशवीवाल्याच्या कानात बोंडं आहेत. मुद्रित बाई आपलं ठरलेलं वाक्य म्हणत राहते, त्याच शांतपणे. मी बटण दाबून बोलतो: "तिसऱ्या डब्यात मागच्या दारापाशी उभे असलेले निळ्या शर्टातले दादा, आपली पिशवी आत घ्या." डबाभर लोक एकदम निळ्या शर्टाकडे बघतात. पिशवी आत, दारं बंद, बटण.

नियंत्रण कक्षाला टेट्रा सेटवरून कळवायचं, नोंद करायची. एवढंच. पण माझ्या दिवसातलं खरं काम केलं ते या एका वाक्यात, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

आकाशवाणीतही असंच असतं. कार्यक्रम मुद्रित असला, दिल्लीहून सहक्षेपित होत असला, तरी ड्युटी रूममध्ये माणूस असतो. ओळ तुटली की तो काही सेकंदांत वाद्यसंगीत लावतो आणि व्यत्ययाबद्दल दिलगिरी व्यक्त करतो. श्रोत्याला तेवढ्यापुरतं कळतं की पलीकडे कुणी आहे.

११.००

कँटीन. पोहे, चहा, आणि नेहमीचा विषय: आपल्याला कधी काढणार. दिल्लीच्या मॅजेंटा मार्गावर २८ डिसेंबर २०२० पासून चालकाविना गाडी सुरू झाली, हे कुणीतरी काढतंच. मग दुसरा लंडनचा दाखला देतो. तिथली व्हिक्टोरिया लाइन १९६८ सालापासून स्वयंचलित आहे आणि आजही पुढे माणूस बसतो. त्याच लंडनमध्ये १९८७ ची डॉकलँड्स लाइट रेल्वे आहे. तिथे पुढे चालक नाहीच, पण प्रत्येक गाडीत एक कर्मचारी डब्यांतून फिरतो, तिकिटं बघतो, दारं बंद करतो, वाट सांगतो, आणि वेळ आली तर गाडीही चालवतो.

बाकीच्यांना ही पदावनती वाटते. कॅब म्हणजे मान. मला मात्र उलट वाटतं. गाडी खरोखर आपोआप चालणार असेल, तर मला काचेमागे बसवून ठेवू नका, डब्यात सोडा. म्हाताऱ्यांना उतरवता येईल, हरवलेल्या पोराचं नाव विचारता येईल. बीडच्या शासकीय तंत्रनिकेतनात डिप्लोमा करून मी डोळे वटारून बसायला आलो नाही. यावर कुणीतरी "तू मग कंडक्टर हो, एसटीत" म्हणतं, सगळे हसतात, आणि ब्रेक संपतो.

१.१५

गाडी सोपवली, सही, मोबाइल सुरू. खोलीवर येऊन झोप.

५.३०

कपडे, भाजी. मोबाइलवर आकाशवाणीच्या ॲपमध्ये बीड केंद्र लावून ठेवतो. गावाकडे तेच १०२.९ वर लागतं. जुन्या गाण्यांच्या मागे लागलेली माझ्या वयाची माणसं मला थोडी खोटी वाटतात, त्यांत मीही आलो. जो काळ बघितला नाही त्याची हुरहुर कसली? मुकादमाच्या कोपीपुढे बसलेल्यांच्या अंगावर उचलीचं कर्ज होतं, हाताला उसाच्या पात्यांचे चिरे होते. गाणी चांगली होती, दिवस नव्हते. २० फेब्रुवारी २०२४ ला सयानी गेले, तेव्हा मी हळहळून अण्णांना फोन केला. त्यांनी "फार गोड माणूस" म्हणून लगेच कापसाच्या भावावर गाडी नेली.

८.००

अण्णांचा फोन. १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्रामदिनी, बीडहून अहिल्यानगरला पहिली प्रवासी गाडी सुटली. तेव्हापासून आमच्या बोलण्यात रेल्वे असतेच. जिल्ह्यात परळीला, घाटनांदूरला गाडी पहिल्यापासून होती, पण बीड शहराने १९९५ च्या मंजुरीनंतर तीस वर्षं वाट पाहिली. परळीपर्यंतचा पूर्ण मार्ग २६१ किलोमीटरचा आहे. आपलं अमळनेर भांड्याचंही त्यावर आलं. अण्णा खास गाडी बघायला म्हणून तिथल्या फलाटावर जाऊन आले.

"डायवर खिडकीतून हात करतो," ते सांगतात. "पोरं वरडतात, तो हारन वाजवतो. तुमच्या गाडीत आसंय का?"

"नाही. आमची काच बंद."

"मग इकडच्याच गाडीवर ये की."

ती रेल्वे वेगळी, भरती वेगळी, असं मी समजावतो. ते ऐकून घेतात, पण पटत नाही. मग मुद्द्यावर येतात. ट्रान्झिस्टरचे मोठे सेल पाटोद्याला मिळेनात. मोबाइलवर सगळं लागतं, सेल कशाला, असं म्हणायला मी तोंड उघडतो, तर ते म्हणतात, "मोबाइलात ऐकायलो अन् मधीच तुझा फोन आला तर गाणं जातंय."

चार सेल, मोठे. यादीत लिहून घेतलं. उद्या दुपारची ड्युटी आहे, तेव्हा आज विविध भारतीवरचं दहाचं छायागीत ऐकून झोपलं तरी चालेल.