दुष्काळ सगळ्यांचा, उचल ज्याची त्याची

१२ ऑक्टोबर २०२४. दसऱ्याच्या दिवशी बीड जिल्ह्यातल्या नारायणगडावर मनोज जरांगे पाटलांचा मेळावा भरला. मागणी मराठा आरक्षणाची होती. तिच्या मुळाशी वाटण्या होत होत गुंठ्यांवर आलेली कोरडवाहू जमीन होती. याच सुमारास जिल्ह्यातून ऊसतोड टोळ्या पश्चिम महाराष्ट्राच्या, कर्नाटकाच्या वाटेला लागतात. या मुलखातल्या गरिबीला कुणाचा दोष मानलं, त्यावर गेली पन्नास वर्षं मदत ठरत आली.

१९७२ च्या दुष्काळात दोष पावसाचा होता. बागायतदाराच्या विहिरीनेही तळ गाठला होता. मग दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्याला आळशी कोण म्हणणार? वि. स. पागे यांनी साठच्या दशकात तासगाव तालुक्यात करून पाहिलेली कल्पना रोजगार हमी योजना (रोहयो) म्हणून राज्यभर पोहोचली. १९७५ पासून तिच्या खर्चासाठी शहरी नोकरदाराच्या पगारातून व्यवसाय कर कापला जाऊ लागला, १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. पैसे फुकट वाटायचे नव्हते. पाझर तलावावर माती उपसेल त्याला मजुरी, हे करदात्याच्या गळी उतरणारं होतं.

पुढे पाऊस बरा झाला आणि बोलणंही पालटलं. ‘रोहयोमुळे शेतीला मजूर मिळत नाही,’ अशी तक्रार पारावर ऐकू येऊ लागली.

ऊसतोड मजुराचे कष्ट खडी फोडण्याहून कमी नाहीत, तरी त्याच्याकडे लक्ष जायला फार उशीर झाला. हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, हा ऊस तोडणाऱ्या जोडप्याचा खासगी व्यवहार समजला गेला. ती फिटली नाही तर ‘लग्नात उडवली’ म्हणायला गाव मोकळं.

हा समज हलला तो २०१९ मध्ये. आमदार नीलम गोऱ्हे यांच्या सरकारी चौकशी समितीपुढे बीडच्या पाहणीतले आकडे आले: ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. पाळीत खाडा झाला तर दंड, हे कारण बायकांनीच सांगितलं. घरची हौस म्हणून हे खपवता येणार नव्हतं.

२०२१ मध्ये ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी ८२ वसतिगृहांची योजना मंजूर झाली. तिला नाव मिळालं संत भगवानबाबांचं.  मजुरांच्या कल्याणकारी महामंडळासाठी कारखान्यांकडून उसाच्या टनामागे १० रुपये घ्यायचे आणि तेवढीच भर सरकारने घालायची, असंही ठरलं.

तोडणीचा करार मात्र आजही मुकादमाशीच होतो; कारखान्याच्या हजेरीपटावर कोयत्याचं, म्हणजे तोडणाऱ्या जोडप्याचं, नाव नसतं.