कुंडीतल्या मातीतून न्यूमोनिया

कुंड्या भरताना न्यूमोनिया होतो, असे कोणी सांगितले तर चटकन खरे वाटणार नाही. पण ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये असे रुग्ण दरवर्षी आढळतात.

१९८८-८९ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात न्यूमोनियाची साथ आली. रुग्णांत बागकाम करणारे बरेच होते. शोध घेतला तेव्हा पिशव्यांतून विकत मिळणाऱ्या कुंड्यांच्या तयार मातीत 'लिजिओनेला लाँगबीची' हा जंतू सापडला. मातीची धूळ श्वासावाटे आत गेली की जंतू फुप्फुसात पोहोचतो. पन्नाशी उलटलेल्यांना, धूम्रपान करणाऱ्यांना आणि फुप्फुसाचा जुना विकार असलेल्यांना धोका अधिक.

साधारणपणे दोन ते दहा दिवसांत थंडी वाजून ताप येतो. डोके दुखते, अंग मोडून येते, खोकला व धाप लागते. काहींना जुलाबही होतात. छातीच्या एक्स-रेत न्यूमोनिया दिसतो. पण तो कोणत्या जंतूचा, हे एक्स-रे सांगत नाही.

खरी अडचण इथेच आहे. लिजिओनेलासाठी लघवीची जी तपासणी सर्रास करतात, ती मुख्यतः 'लिजिओनेला न्यूमोफिला' या भाऊबंदाचा एकच प्रकार ओळखते. त्यामुळे रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून निर्धास्त राहता येत नाही. प्रयोगशाळेतील नेहमीच्या कल्चरमध्येही हा जंतू वाढत नाही. त्याला कोळशाची पूड घातलेले खास माध्यम लागते. बेडक्याची पीसीआर तपासणी अधिक उपयोगी. न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च येथे २०१० पासून न्यूमोनियाच्या रुग्णांची ही तपासणी सरसकट सुरू झाली, तेव्हा लिजिओनेलाचे रुग्ण पूर्वीच्या चौपटीहून अधिक सापडले. रोग होताच, तो ओळखला जात नव्हता.

निदानाला महत्त्व अशासाठी, की पेनिसिलीनच्या जातीची औषधे इथे चालत नाहीत. अझिथ्रोमायसिन, लिव्होफ्लॉक्सासिन यांसारखी औषधे लागू पडतात. ती डॉक्टरांनीच ठरवायची. उशीर झाल्यास रोग जिवावर बेतू शकतो.

काळजी साधी आहे. पिशवी तोंडापासून दूर धरून सावकाश उघडावी, माती ओलसर करून घ्यावी, मास्क व हातमोजे वापरावेत आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत.

मुलांकडे तिकडे गेलेले आपल्याकडचे आई-वडीलही वेळ जावा म्हणून बागेत रमतात. ताप-खोकला झाल्यास 'मी गेल्या आठवड्यात कुंड्या भरल्या' हे डॉक्टरांना न विचारता सांगावे. या एका वाक्यावरून योग्य तपासणीची दिशा मिळू शकते.