घरात कुत्रा, तरी घर स्वच्छ – तेही कमी खर्चात



आपल्या नागपूर जिल्ह्यात कुत्रा हौसेपेक्षा राखणीसाठीच जास्त पाळतात. काटोल-नरखेडकडे संत्र्याच्या बागेत रानडुकरं हाकलायला तो लागतो, शेळ्या असतील तर गोठ्याशी लागतो. पण रात्री तो येतो तो आपल्याच ओसरीवर. मग घरातल्या बाईची रोजची कटकट सुरू होते. सतरंजीवर केस, फरशीवर चिखलाचे पाय, कोपऱ्यात लघवीचा वास आणि भिंतीवर चढणारे गोचीड.

अशा वेळी आपण काय करतो? दुकानातून सुगंधी फिनाईल आणतो आणि घरभर पुसतो. दोन तास छान वाटतं, संध्याकाळी पुन्हा तेच. बाटली संपते, पैसे जातात, घाण मात्र राहते. वास दबला म्हणजे घर स्वच्छ झालं असं नाही. रांगतं लेकरू त्याच फरशीवर हात टेकवतं आणि तोच हात तोंडात घालतं, म्हणून हे नीट समजून घेतलं पाहिजे.

एक क्रम लक्षात ठेवा: आधी कुत्रा, मग त्याची जागा, शेवटी घर. आपण नेमकं उलटं करतो, म्हणून मेहनत वाया जाते.

1. आधी कुत्रा

केस घरभर पडायच्या आधीच काढा. आठवड्यातून दोन-तीन वेळा अंगणात नेऊन जुन्या कंगव्याने किंवा ब्रशने त्याचं अंग विंचरा. हे काम मोठी मुलं आनंदाने करतात. रोज आंघोळ घालायची गरज नाही, महिन्यातून एक-दोन वेळा पुरे. पण कपड्याचा पावडर किंवा सोडा त्याच्या अंगाला लावू नका, कातडी खराब होते.

पावसाळ्यात आपली काळी माती पायाला चिकटून घरात येते. दाराबाहेर एक बारदान टाका, शेजारी पाण्याचं टमरेल आणि एक फडकं ठेवा. वावरातून जो कुत्र्याला घेऊन येईल, त्यानेच त्याचे पाय धुवायचे. कुत्रा सगळ्या घराचा आणि साफसफाई एकट्या बाईची, असं का?

2. मग त्याची जागा

कुत्र्याची झोपायची एकच जागा ठरवा. जुन्या लुगड्याची किंवा साडीची दोन अंथरुणं शिवा. एक वापरात, एक धुण्यात. आठवड्यातून एकदा अंथरूण उकळत्या पाण्यात भिजवा, धुवा आणि कडक उन्हात वाळवा. नागपूरचं ऊन फुकट आहे, त्याचा उपयोग करून घ्या.

हे का करायचं? पिसवा कुत्र्याच्या अंगावर दिसतात, पण त्यांची अंडी खाली गळतात. ती अंथरुणात आणि फटीत राहतात. गोचिडाचंही तसंच. मादी रक्त पिऊन टम्म फुगली की खाली उतरते आणि भिंतीच्या भेगेत, दाराच्या चौकटीत अंडी घालते. ती हजारांनी असतात! म्हणून नुसतं कुत्र्याला औषध लावून भागत नाही. झोपायच्या जागेजवळच्या भेगा शेणमातीने किंवा सिमेंटने लिंपून घ्या.

अंगावरचा गोचीड काढताना हाताला प्लास्टिकची पिशवी घाला. कातडीजवळ चिमट्याने धरून सरळ ओढा. नखाने चिरडू नका, रॉकेल लावू नका, पेटती काडी तर नाहीच.

आणि मैत्रिणींनो, शेतातलं कीटकनाशक कुत्र्याच्या अंगावर किंवा घरात कधीच मारू नका. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले. जे औषध उघड्या वावरात माणसाला मारतं, ते बंद खोलीत लेकरांजवळ कसं चालेल? गोचिडाचं औषध पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारूनच घ्या.

3. शेवटी घर

आधी कोरडं, मग ओलं. केस पडलेल्या जागी थेट पोछा मारला तर केस चिकटतात आणि पाणीच घाण होतं. आधी झाडून घ्या. सतरंजीवरचे केस झाडूने निघत नाहीत. त्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा किंवा रबरी हातमोजा एकाच दिशेने घासा. केसांचा गोळा होऊन वर येतो, खर्च शून्य.

लघवी झाली तर पुसून पसरवू नका. जुनं फडकं दाबून आधी शोषून घ्या. मग साबणाच्या पाण्याने धुवा आणि कोरडं करा. वास राहिलाच तर खायचा सोडा भुरभुरा, दोन-तीन तासांनी झाडून टाका. वास राहिला की कुत्रा परत तिथेच करतो. सुगंधी फिनाईलने आपल्या नाकाला वास येत नाही, त्याच्या नाकाला येतो. मातीची जमीन असेल तर ओली झालेली माती खरवडून बाहेर टाका, नवी पांढरी माती भरा आणि मग सारवा. वरून सारवलं तर वास आत दबून राहतो.

शी रोजच्या रोज उचला. कुत्र्याच्या पोटातल्या जंतांची अंडी शीतून बाहेर पडतात. त्यातली बरीचशी लगेच बाधत नाहीत, काही दिवस मातीत राहिल्यावर बाधतात. आज उचलली तर धोका जवळजवळ टळतो, पंधरा दिवस पडून राहिली तर अंगणात अनवाणी खेळणाऱ्या लेकराला धोका. ती विहिरीपासून आणि भाजीच्या वाफ्यापासून दूर खड्ड्यात पुरा. शेणखतात टाकू नका. नंतर साबणाने हात धुवा.

हे मात्र करू नका

- ब्लिचिंग पावडर आणि संडासचं ॲसिड एकत्र करू नका. विषारी वायू होतो. लघवीवरही थेट ब्लिचिंग टाकू नका.
- काळं फिनाईल कुत्र्याच्या अंगाला लावू नका. फिनाईलने पुसलेली फरशी वाळेपर्यंत त्याला आत घेऊ नका, तो पाय चाटतो.
- गटात फिनाईल बनवत असाल तर ते कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरू नका. बाटलीवर नाव लिहा आणि मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा.
- डांबर गोळ्या कुत्रा जाईल तिथे टाकू नका, त्या त्याला विषारी आहेत.

पैसे कुठे घालायचे?

सुगंधी बाटल्यांवर वाचलेले पैसे दोन गोष्टींवर घाला: जंताचं औषध आणि रेबीजची लस. पहिली लस पिल्लू तीन महिन्यांचं झाल्यावर, पुढे डॉक्टर सांगतील तशी आणि दरवर्षी. जंताचं औषध किती दिवसांनी द्यायचं तेही तिथेच विचारा. कुत्रा चावला किंवा ओरबाडलं, तर जखम वाहत्या पाण्यात साबणाने 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. हळद, चुना, मिरची लावू नका. रेबीज एकदा झाला की माणूस वाचत नाही, पण वेळेवर लस घेतली तर तो टाळता येतो.

आपल्याच विदर्भातल्या गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन गावं झाडली. खराट्याला काही मोठा खर्च लागत नाही. लागतो तो नियम आणि घरातल्या सगळ्यांचा हात.

पुढच्या मासिक बैठकीत एवढं करा: गटात कोणाकोणाकडे कुत्रा आहे आणि त्यातल्या किती जणांची लस झाली आहे, याची यादी करा. ती ग्रामसंघाकडे द्या. पशुसखी ताईंना सोबत घ्या आणि गावात लसीकरणाचं शिबिर लावावं म्हणून पशुवैद्यकीय दवाखान्याला एकत्र अर्ज द्या. एकटीच्या बोलण्यापेक्षा दहा जणींच्या सहीचा अर्ज लवकर हलतो, हे आपल्याला गटानेच शिकवलं आहे.